सोळा तासांपलीकडचा प्राध्यापक

महाविद्यालयातील अध्यापकाच्या नोकरीविषयी आपल्या समाजात एक समज फार दिवसांपासून ठाण मांडून बसला आहे, आणि तो असा की, दिवसाकाठी दोन-तीन तासिका घ्याव्यात, उरलेला वेळ आपला म्हणावा, दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुटी निवांतपणे भोगावी आणि महिनाअखेर भरघोस वेतन उचलावे, यापलीकडे त्या नोकरीत कष्ट असे काही नाहीतच. अमरावती जिल्ह्यातील तिवसा येथे बसस्थानकालगतच्या पानठेल्यावर हा विषय निघाला तरी हाच सूर ऐकू येतो, आणि अमरावतीस एखाद्या संस्थेच्या बैठकीत निघाला तरी त्यात फारसा फरक पडत नाही. उलट प्राध्यापकांच्या खोलीत पाऊल टाकावे, तर तेथे नेमके विरुद्ध गाऱ्हाणे: तपासावयाच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, भरून द्यावयाचे तक्ते, समित्यांची इतिवृत्ते, आणि या सर्वांतून वाचनास म्हणून अर्धा तासही मोकळा मिळू नये ही खंत. एकाच मनुष्याच्या एकाच दिवसाविषयी इतकी परस्परविरोधी मते दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे बाळगली जात असतील, तर त्याचे कारण त्या दिवसाच्या रचनेतच शोधले पाहिजे. अध्यापकाचा काही वेळ सर्वांना दिसतो, म्हणून तो मोजला जातो. त्याहून अधिक वेळ कोणालाच दिसत नाही, म्हणून तो मोजला जात नाही. आणि ज्याचा हिशेब कोणी मागत नाही तोच वेळ सर्वांत आधी खर्ची पडतो. हा न दिसणारा वेळ राखता आला तर अध्यापकाचे काम उंचावते, तो गेला तर घसरते. आणि तो राखणे एकट्या अध्यापकाच्या हाती मात्र मुळीच नाही.

कायद्याचे गणित

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली जे विनियम केले आणि त्यांच्या जागी १८ जुलै २०१८ रोजी जे नवे विनियम प्रसिद्ध केले, त्या दोहोंतही पूर्णवेळ अध्यापकाचा कार्यभार आठवड्यास ४० तासांपेक्षा कमी नसावा आणि वर्षातून असे ३० आठवडे, म्हणजे १८० अध्यापनदिन, भरावेत असे सांगितले आहे. त्यांपैकी प्रत्यक्ष अध्यापनाचे तास सहायक प्राध्यापकास १६ आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक यांस १४ इतके ठरविलेले आहेत. शिवाय प्रत्येकाने दररोज किमान ५ तास महाविद्यालयात उपलब्ध असले पाहिजे, अशीही अट आहे. तासिका ४८ मिनिटांची धरली, तर १६ तासांच्या २० तासिका होतात, आणि सोमवार ते शनिवार अशा सहा दिवसांत त्या वाटल्या, तर रोज तीन किंवा चार तासिका वाट्यास येतात. पानठेल्यावरील टीकाकारास जे दिसते ते एवढेच, आणि जे दिसते ते त्याने चुकीचे मोजलेले नाही.

परंतु हेच आकडे पुढे नेले म्हणजे निराळीच गोष्ट ध्यानात येते. आठवड्यास ४० तास या हिशेबाने वर्षाचे १२०० तास होतात; त्यांतून सहायक प्राध्यापकाच्या अध्यापनाचे ४८० तास वजा केले, तर ७२० तास शिल्लक राहतात. म्हणजे वर्गातील प्रत्येक तासामागे दीड तास वर्गाबाहेर खर्च व्हावा, हे कायद्यानेच गृहीत धरले आहे. त्याचप्रमाणे रोजच्या ५ तासांप्रमाणे सहा दिवसांची उपस्थिती ३० तास होते; उरलेले १० तास अध्यापकाने कोठे बसून काढावेत, याविषयी नियम मौन धरतो, आणि ते मौन हेतुपूर्वक आहे, कारण वाचन, टिपणे, लेखन, उत्तरांची तपासणी ही कामे हजेरीपटाच्या कक्षेत बसणारी नव्हेत, हे नियम करणाऱ्यांस ठाऊक होते. कार्यभाराचा मोठा हिस्सा अध्यापकाच्या विवेकावर सोपविलेला आहे. या विश्वासाच्या ७२० तासांचे पुढे काय होते, हा या लेखाचा विषय.

चाळीस किलोमीटरांची किंमत

वऱ्हाडातील उच्च शिक्षणाचा प्रवास शहरातून तालुक्याकडे झाला. १९२३ साली अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघाले, तेच पुढे विदर्भ महाविद्यालय या नावाने प्रसिद्धीस आले. १९३० च्या दशकात डॉ. पंजाबराव देशमुख यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्थेचा पाया घालून कुणब्याच्या मुलास शिक्षणाचे दार उघडले. आणि १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठापासून विभक्त होऊन अमरावती विद्यापीठ स्थापन झाले, ज्यास आज संत गाडगेबाबांचे नाव आहे आणि ज्याच्या क्षेत्रात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम हे पाच जिल्हे येतात. महाविद्यालये अशी तालुक्याच्या गावी गेली. अध्यापक मात्र बहुतांशी शहरात राहिला. त्याची कारणे समजण्याजोगी आहेत: मुलांच्या शाळा, पत्नीची किंवा पतीची नोकरी, आईवडिलांचे औषधपाणी, ग्रंथालय, विद्यापीठाचे कार्यालय, सारेच शहरात. मुख्यालयी राहण्याचा आग्रह परिपत्रकांतून होत राहिला, तरी 'अप-डाऊन' हा वऱ्हाडातील नोकरदाराच्या आयुष्याचा शिरस्ता होऊन बसला.

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर नांदगाव पेठ मागे टाकून, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज मोझरी ओलांडून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांवर तिवसा लागते. गावास रेल्वे नाही; एस.टी., भागीदारीतील मोटार किंवा स्वतःची दुचाकी हीच साधने. घराच्या उंबरठ्यापासून महाविद्यालयाच्या फाटकापर्यंत एका बाजूस एक तास धरला, तर रोजचे दोन तास आणि १८० दिवसांचे ३६० तास होतात. आता हा आकडा मघाच्या ४८० तासांशेजारी ठेवून पाहावा: जो मनुष्य वर्षभरात ४८० तास शिकवितो तो ३६० तास रस्त्यावर असतो, आणि हे तास कोणत्याही कार्यभारात लिहिले जात नसल्यामुळे ते हटकून त्या न दिसणाऱ्या वेळातून, नाही तर झोपेतून वजा होतात. दामोदर धर्मानंद कोसंबी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना पुण्याहून 'डेक्कन क्वीन'ने ये-जा करीत आणि गाडीतील तो वेळ अभ्यासात घालवीत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे; पण ठरलेल्या वेळी सुटणाऱ्या आगगाडीत खिडकीशी बसून वाचणे वेगळे आणि उभ्याने प्रवास करीत, किंवा ट्रकांच्या रांगेतून दुचाकी हाकीत, पहिली तासिका गाठणे वेगळे. प्रवासाचा वेळ सत्कारणी लावावा हा उपदेश करण्यापूर्वी प्रवास कशाने चालला आहे, हे पाहिले पाहिजे.

ग्रामीण महाविद्यालयाचे वेळापत्रकही घड्याळापेक्षा एस.टी.च्या फेऱ्यांनी अधिक ठरते. खेड्यांतून येणारी मुले-मुली सकाळच्या गाडीने येतात आणि दुपारची गाडी चुकू नये म्हणून शेवटच्या तासिकेस चुळबुळू लागतात. त्यामुळे सर्व अध्यापन दोन-तीन तासांच्या दाट पट्ट्यात कोंबावे लागते, आणि शंका विचारण्यासाठी विद्यार्थ्याने थांबावे, अध्यापकाने त्यास निवांत वेळ द्यावा, हा जो महाविद्यालयीन शिक्षणाचा सर्वांत मोलाचा प्रसंग, तोच दुर्मीळ होतो. दुपारनंतर प्राध्यापक आहे, पण विद्यार्थी नाही, अशी स्थिती निर्माण होते. आणि त्या रिकाम्या दुपारी दप्तराचे काम येऊन बसते.

हंगाम आणि परीक्षा

अध्यापकाचे वर्ष एकसारखे वाहत नाही, हेही बाहेरच्यास सहसा दिसत नाही. आषाढ-श्रावणात प्रवेशाची धांदल. आश्विनात सोयाबीनची सोंगणी आली की वर्ग विरळ होतात, आणि त्यापाठोपाठ कापसाची वेचणी सुरू होते, ज्या काळात गरीब घरचा विद्यार्थी वर्गात नसून वावरात असतो. त्याच सुमारास विद्यापीठाची हिवाळी परीक्षा येते आणि वैशाखाच्या उन्हात उन्हाळी परीक्षा. सत्रपद्धतीने परीक्षा वर्षातून दोनदा झाली, तेव्हा प्रश्नपत्रिका, पर्यवेक्षण, अंतर्गत गुण, मूल्यांकन ही साखळीही दुप्पट झाली. एखाद्याने एका हंगामात ३०० उत्तरपत्रिका तपासल्या आणि प्रत्येकीस दहाच मिनिटे दिली, तरी ५० तास होतात, म्हणजे पूर्ण आठवड्याच्या कार्यभारापेक्षाही दहा तास जास्त. आणि दहा मिनिटांत दीर्घोत्तरी पत्रिका न्यायबुद्धीने तपासून होते काय, हा प्रश्न वेगळाच.

यांत राष्ट्रीय सेवा योजनेची भर घालावी. १९६९ साली सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवकाने वर्षाकाठी १२० तासांचे काम करावयाचे असते आणि सात दिवसांचे निवासी शिबिर असते; त्या शिबिराचा डेरा एखाद्या खेड्यात पडला म्हणजे कार्यक्रम अधिकारी म्हणून नेमलेला प्राध्यापक आठवडाभर घराबाहेर असतो. निवडणूक आली की मतदान केंद्रावरील नेमणुकीचा हुकूम येतो. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा नवा आराखडा लागू झाला, तेव्हा जुन्या टिपणांचा उपयोग सरला आणि अभ्यासक्रम समजून घेण्यापासून आरंभ करावा लागला. यांपैकी एकही काम निरर्थक नाही. सेवा योजनेचे शिबिर तर कित्येकदा वर्गातील वर्षभराच्या अध्यापनापेक्षा अधिक शिकविते. मात्र ही सगळी कामे मुदतीची असतात, त्यांच्यामागे तगादा असतो. वाचनास मुदत नसते आणि त्यासाठी कोणी तगादा लावीत नाही. मुदतीचे काम आणि बिनमुदतीचे काम एका दिवसात शेजारी ठेवले, तर पहिले दुसऱ्यास गिळते.

गुणांचा बाजार

कामगिरी मोजली तर कामगिरी सुधारते, ही समजूत वरवर पाहता रास्त आहे, आणि तिचा प्रयोग आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे. २०१० च्या विनियमांनी 'एपीआय' या नावाने प्रसिद्ध झालेली गुणांकनपद्धती आणली. अध्यापन, विस्तारकार्य आणि संशोधन असे तीन प्रवर्ग करून प्रत्येक कामास गुण दिले गेले. अध्यापनाच्या पहिल्या प्रवर्गात १२५ पैकी वर्षास किमान ७५, सहशालेय व विस्तारकार्याच्या दुसऱ्यात ५० पैकी किमान १५, आणि संशोधनात तज्ज्ञांनी परीक्षिलेल्या नियतकालिकातील लेखास १५, तर तशा परीक्षणाविना छापणाऱ्या मान्यताप्राप्त नियतकालिकातील लेखास १० गुण. पदोन्नती या गुणांवर अवलंबून राहिली.

परिणाम काय झाला? कापूस वजनावर विकला जातो, म्हणून तो ओला करून आणण्याचा मोह ज्या मुलुखात सर्वांस परिचित आहे, तेथे याचे उत्तर फोडून सांगण्याची गरज नाही. लेख मोजले जाऊ लागताच लेख वाढले, आणि पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके पावसाळ्यातील छत्र्यांप्रमाणे उगवली. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि त्यांचे सहकारी यांनी आयोगाच्या मान्य यादीतील, विद्यापीठांनी सुचविलेल्या सुमारे एक हजार नियतकालिकांची छाननी केली, तेव्हा त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट ठरण्याजोगी आढळली. हा निष्कर्ष २०१८ च्या आरंभी 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला, आणि २ मे २०१८ रोजी आयोगाने त्या यादीतून ४३०५ नियतकालिके एकदम वगळली. त्या लेखांवर, त्यांच्या चर्चासत्रांवर, प्रमाणपत्रांच्या संचिकांवर खर्ची पडलेले तास मात्र कोणालाच वगळता आले नाहीत; ते विद्यार्थ्यांच्या आणि खऱ्या अभ्यासाच्या वाट्यातून गेले.

आयोगाने २०१८ मध्ये पद्धत सौम्य केली. नेमून दिलेल्या तासिकांपैकी ८० टक्के किंवा अधिक घेतल्या तर अध्यापन 'चांगले', ७० ते ८० टक्क्यांत 'समाधानकारक', त्याखाली 'असमाधानकारक' अशी श्रेणी आली. ही सुधारणाच होय; तरी तासिका घेतली की नाही हे तिने कळते, तासिकेत काय घडले हे कळत नाही. विद्वत्तेचे काही श्रम तर कोणत्याच वार्षिक रकान्यात मावत नाहीत. महानुभाव वाङ्मयाचे अभ्यासक आणि नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले विष्णु भिकाजी कोलते यांनी संपादिलेले 'लीळाचरित्र' १९७८ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. पोथ्यांच्या वाचनात घालविलेली त्यामागची वर्षे त्या त्या सालच्या ताळेबंदात शून्यच दिसली असती. ज्या रिद्धपुराशी त्या ग्रंथाचे नाते, ते अमरावती जिल्ह्यातच आहे आणि तेथे आज मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहत आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे दीर्घ श्रमांची किंमत वऱ्हाडास निराळी सांगावयास नको.

संशोधक काय म्हणतात

वेळेच्या नियोजनाने काम खरोखर सुधारते काय, याचा शोध मानसशास्त्रज्ञ चाळीसेक वर्षे घेत आहेत, आणि त्यांचे उत्तर प्रशिक्षणवर्ग भरविणाऱ्यांच्या जाहिरातीपेक्षा संयत आहे. अमेरिकेतील थेरेस मॅकन यांनी १९९४ साली दाखविले की, याद्या करणे, अग्रक्रम लावणे अशा सवयींमुळे आपला वेळ आपल्या ताब्यात आहे ही भावना वाढते, आणि त्या भावनेमुळे ताण घटून समाधान वाढते. प्रत्यक्ष कामगिरीशी मात्र तिचा संबंध त्यांना आढळला नाही. २०२१ मध्ये ब्रॅड एऑन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५८ अभ्यास आणि सुमारे ५४ हजार व्यक्ती यांचा एकत्रित ताळा मांडला: नियोजनाचा कामगिरीशी मध्यम स्वरूपाचा संबंध आहे, पण जीवनातील समाधानाशी तो अधिक बळकट आहे. नियोजन आणि कामाच्या मूल्यमापनात मिळणारा चांगला शेरा यांचा संबंध १९९० च्या सुमारापेक्षा आता वाढलेला दिसतो, हेही त्यांनी नोंदविले. यावरून एक शंका घेण्यास वाव आहे, ती अशी की, कामाचे मोल जसजसे तक्त्यांवर ठरू लागले, तसतसा तक्ते वेळेवर भरणारा माणूस अधिक कार्यक्षम दिसू लागला असावा.

अध्यापकांपुरते बोलावयाचे, तर रॉबर्ट बॉइस यांचे नवागत प्राध्यापकांवरील निरीक्षण फार उद्बोधक आहे. दीर्घ सवड मिळाली म्हणजे लिहू, असे म्हणत सुटीची वाट पाहणारे अखेर थोडेच लिहितात. रोज थोडा वेळ, ठरल्या वेळी लिहावयास बसणारे पुष्कळ लिहून जातात. नवखा अध्यापक तासिकेची तयारी मर्यादेबाहेर करतो, मजकूर दाटीने भरतो, वर्गात धावत सुटतो आणि विद्यार्थ्यास बोलू देत नाही, हेही त्यांनी दाखविले. तयारीस सीमा घालणारे नवागत अध्यापनातही सरस ठरले. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये सिद्ध केले की, एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळले, तर मनाचा काही भाग मागेच रेंगाळतो. दोन तासिकांमधल्या ४८ मिनिटांच्या फटीत संशोधन का होत नाही, याचे हे शास्त्रीय उत्तर. आणि आपण आपल्याच कामाच्या मुदतीचा अंदाज किती चुकवितो, हे कॅनडातील ज्या विद्यार्थ्यांचा १९९४ साली अभ्यास झाला त्यांच्यावरून दिसते: प्रबंध पुरा करण्यास सरासरी ३४ दिवस लागतील असे त्यांनी सांगितले, लागले ५५ हून अधिक.

चांगला संशोधक हा आपोआप चांगला शिक्षक होतो, या समजुतीसही आधार नाही. जॉन हॅटी आणि हर्बर्ट मार्श यांनी १९९६ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा संशोधन आणि अध्यापन यांच्या गुणवत्तेत जवळपास शून्य संबंध आढळला. दोहोंचे वैर नाही, पण नातेही नाही. यावरून तिवसा येथील पदवी महाविद्यालयाने बोध घ्यावा तो असा की, दोन्ही कामांस स्वतंत्र वेळ आणि स्वतंत्र मान द्यावा लागेल, एकाच्या गुणांत दुसरे उगवेल या आशेवर विसंबून भागणार नाही.

ज्यांच्या हाती वेळच नाही

नियोजनाचा उपदेश सर्वांस सारखा लागू पडत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या सर्वेक्षणात घरातील बिनमोली कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसास सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे खर्च करतात असे आढळले. प्राध्यापिका या नियमास अपवाद असण्याचे कारण नाही. महाविद्यालयातील उपस्थितीपलीकडचे जे आठवड्याचे दहा तास कायद्याने गृहीत धरले, ते तिच्या बाबतीत स्वयंपाकघर आणि मुलांचा अभ्यास यांनी आधीच व्यापलेले असतात. पुरुष सहकाऱ्याइतकेच काम तिने दाखविले, तर ते अधिक प्रयासाचे आहे असे समजावे.

त्याहून बिकट स्थिती तासिका तत्त्वावरील अध्यापकांची. त्यांना मोबदला मिळतो तो घेतलेल्या तासिकेचा. तयारीचा, वाचनाचा, उत्तरे तपासण्याचा नाही. दिसणाऱ्या वेळासच दाम मोजावयाचा, हा सिद्धांत येथे टोकास गेला आहे. राज्यात पदे रिक्त राहिली म्हणून ही व्यवस्था फोफावली: २०१८ साली शासनाने सहायक प्राध्यापकांची ३५८० पदे भरण्यास अनुमती दिली, त्यांतील १४९२ भरली गेली आणि उरलेल्या २०८८ पदांसाठी २०२१ मध्ये पुन्हा मंजुरी घ्यावी लागली. रिक्त पदाची झळ कायम अध्यापकासही लागते, कारण तासिका घेण्यास तात्पुरता मनुष्य मिळतो, पण परीक्षा विभाग, प्रवेश समिती, 'नॅक'चे दप्तर ही कामे त्याच्यावर सोपविता येत नाहीत. आठ जणांची कामे पाच जणांत वाटली जातात. 'नॅक' ही बंगळूरची मूल्यांकन परिषद १९९४ साली स्थापन झाली, आणि तिच्या निमित्ताने महाविद्यालये स्वतःकडे डोळसपणे पाहू लागली हे तिचे श्रेय आहेच; परंतु कार्यक्रम घडवून आणण्यापेक्षा त्याचा अहवाल, छायाचित्रे आणि सह्यांचा कागद जमविण्यास अधिक वेळ लागू लागला, हेही नाकारता येत नाही.

करता येण्याजोगे

मग करावे काय? अध्यापकाच्या हातचे थोडे आहे, पण जे आहे ते क्षुल्लक नाही. तिवसा तालुक्यातील मोझरीस १९३५ साली गुरुकुंज आश्रम स्थापन झाला, आणि पहाटेचे सामुदायिक ध्यान व सायंकाळची सामुदायिक प्रार्थना ठरल्या वेळी करण्याची तुकडोजी महाराजांची शिस्त तेथून गावोगाव पसरली. जे काम ठरल्या वेळी होते त्याच्यासाठी रोज नव्याने निश्चय करावा लागत नाही. अभ्यासास वाहिलेली पहाटेची पाऊण घटका, मग ती अठराच मिनिटे का असेना, सुटीतील काल्पनिक महिन्यापेक्षा मोलाची आहे. तयारीस मर्यादा घालावी. तासिकेत दोनच मुद्दे न्यावेत, पण ते पुरते न्यावेत. तक्ते, पत्रे आणि समित्यांची कामे दिवसभर विखरून न ठेवता एका ठरल्या वेळी उरकावीत. कोणत्याही कामास लागणाऱ्या दिवसांचा अंदाज करताना गेल्या खेपेस किती लागले ते आठवावे, मनास काय वाटते ते विचारू नये. आणि विद्यार्थ्यांसाठी आठवड्यातील ठरलेली वेळ, एस.टी.च्या फेऱ्या पाहून, दारावर लिहून लावावी.

प्राचार्य आणि संस्था यांच्या हाती याहून पुष्कळ आहे. वेळापत्रक आखताना प्रत्येक अध्यापकास आठवड्यातून एक सलग अर्धा दिवस तासिकांशिवाय राहील अशी मांडणी करता येते, त्यास एक पैचा खर्च नाही. एकच माहिती विद्यापीठास एका नमुन्यात, उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयास दुसऱ्यात आणि 'नॅक'साठी तिसऱ्यात मागितली जाते. ती एकदाच घेऊन कार्यालयाने जतन केली, तर प्राध्यापकांचे कित्येक दिवस वाचतील, मात्र त्यासाठी कार्यालयात पुरेसे लिपिक हवेत, कारण लिपिकाचे पद रिक्त ठेवून वाचविलेला पैसा प्राध्यापकाच्या वेळाने भरून काढणे हा फार महागाचा व्यवहार आहे. परीक्षेचे वेळापत्रक वेळेवर जाहीर करणे विद्यापीठाच्या हाती आहे. रिक्त पदे भरणे शासनाच्या.

येथे आक्षेप येईल की, ७२० तास विश्वासावर सोडले, तर काही जण ते चैनीत घालवितील. घालवितील, यात संशय नाही. आजही घालवितात, कारण हजेरीच्या यंत्रावर बोट ठेवून गेलेला मनुष्य वाचीत बसला आहे की पेंगत, हे यंत्रास कळत नाही. पाळत वाढविल्याने कामचुकार सुधारत नाही, तो तक्ते भरण्यात पटाईत होतो. दंड भरावा लागतो तो इमानाने काम करणाऱ्यास. कामचुकारास ओळखण्याचे अधिक खात्रीचे साधन विद्यार्थी आहे. तपासलेल्या उत्तरावर चूक का झाली ते लिहून मिळाले काय, शंका घेऊन गेल्यास गुरुजी भेटले काय, यंदाच्या तासिकेत गेल्या वर्षीपेक्षा काही नवे ऐकावयास मिळाले काय, या तीन प्रश्नांची उत्तरे तिसऱ्या वर्षाच्या कोणत्याही मुलास ठाऊक असतात. ती उत्तरे होकारार्थी यावयाची, तर वर्गाबाहेरचा दीड तास खरोखर खर्च झालेला असावा लागतो. त्याची नक्कल करता येत नाही. तिवसा येथील पालकाने, संस्थाचालकाने आणि शासनाने प्राध्यापकास हिशेब अवश्य मागावा. फक्त तो सोळा तासांचा मागून थांबू नये. उरलेल्या चोवीस तासांचाही मागावा, आणि मागण्यापूर्वी ते चोवीस तास त्याच्यापाशी शिल्लक ठेवले आहेत काय, हे आधी पाहावे.